अवघड उमेदवार: आधी आपली वही तपासू या

तुमच्यापैकी बरेच जण एचआरमध्ये आहात, काही जण नुकतेच या कामाला लागलेत. मी २२ वर्षं भरतीचं काम करतोय, त्यातली बहुतेक चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांसाठी. आजचा विषय आहे अवघड उमेदवार. त्यावर बोलायचं तर मला एका माझ्याच चुकीपासून सुरुवात करावी लागेल.

सुरुवातीची वर्षं होती. एका कारखान्यासाठी आम्ही सीएनसी ऑपरेटर शोधत होतो. श्रीगोंद्याकडचा एक मुलगा आला. अर्धा-पाऊण तास बसला आणि मग उठून त्यानं टेबलावर फाइल आपटली. "तुम्ही माणसाला समजता काय?" असं सगळ्यांसमोर ओरडला. वॉचमननं त्याला बाहेर नेलं. मी त्याच्या अर्जावर शेरा मारला: ‘स्वभाव तापट. घेऊ नये.’

संध्याकाळी सहज आमची वही चाळली. तो तिसऱ्यांदा आला होता. पहिल्या खेपेला मॅनेजर रजेवर होते. दुसऱ्या खेपेला त्याला चार वाजेपर्यंत बसवून ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून सांगितलं होतं. प्रत्येक खेपेला पहाटेची एसटी, तिकिटाचा खर्च आणि कामावर खाडा. मी दुसऱ्या दिवशी फोन केला, माफी मागितली, परत बोलावलं. तो म्हणाला, "आता नको, साहेब." एवढंच. मशीन तो उत्तम चालवायचा, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

तेव्हापासून मी एक नियम केला. उमेदवार अवघड वाटला की आधी आपली वही बघायची. त्याच्या वागण्यामागे आपण केलेलं काही आहे का? बऱ्याचदा असतं. नेहमीच असतं असं मात्र नाही, आणि तो फरक ओळखणं हेच आपलं काम.

आता एकेक प्रकार घेऊ.

पहिला, चिडलेला माणूस. त्याला ‘शांत व्हा’ म्हणू नका, त्यानं कुणीही शांत झालेलं मी पाहिलेलं नाही. त्याला बाजूच्या खोलीत न्या, पाणी द्या, पूर्ण बोलू द्या. चारचौघांसमोर कुणालाच माघार घेता येत नाही. मग विचारा, "नेमकं काय झालं?" आणि आपल्या हातात काय आहे, काय नाही, ते स्पष्ट सांगा. पण शिवीगाळ झाली, कुणी अंगावर आलं, विशेषतः आपल्या सहकारी मुलींशी कुणी वाकडं बोललं, तर एकदा समज द्यायची आणि मुलाखत थांबवायची. समजून घेणं म्हणजे सहन करत बसणं नव्हे. आणि नोंद करताना विशेषणं लिहू नका, घडलं ते लिहा. ‘तापट’ असं नको. ‘तिसरी खेप, ४० मिनिटं थांबला, मोठ्यानं बोलला’ असं लिहा. वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येतं.

दुसरा, ऑफर घेऊन न येणारा. आयटीवाले यावर फार चिडतात. पण गंमत बघा, ९० दिवसांचा नोटीस पिरियड कुणी ठेवला? कंपन्यांनीच. आणि पंधरा दिवसांत येणारा माणूस कुणाला हवाय? त्याच कंपन्यांना. मग उमेदवार काय करतो? एक ऑफर हातात घेऊन राजीनामा देतो आणि त्या तीन महिन्यांत आणखी ऑफर मिळवतो. कारण आता तो ‘लवकर येणारा’ झालेला असतो. शिवाय जुनी कंपनीही पगार वाढवून थांब म्हणते. तेव्हा तीन महिने गप्प राहून रुजू व्हायच्या दिवशी दाराकडे बघत बसू नका. दर पंधरा दिवसांनी बोला. सरळ विचारा, "दुसरीकडून काही आलंय का? आलं असेल तर सांगा, मी रागावणार नाही." आणि सांगितलं तर खरंच रागावू नका. आधी कळलं तर दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला बोलावता येतं.

तिसरा, खोटं सांगणारा. इथं जरा सावकाश जाऊ. अनुभवाची बनावट पत्रं येतात, हे खरंय. पीएफचा यूएएन नंबर २०१४ पासून आला. उमेदवारालाच त्याची सर्व्हिस हिस्ट्री उघडून दाखवायला सांगितलं, तर कुठे किती काळ होता ते बरंचसं कळतं. पण ती वाचता यायला हवी. पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होतो. भोसरीतल्या सात-आठ माणसांच्या वर्कशॉपमध्ये पाच वर्षं लेथ चालवलेल्या माणसाचा पीएफ नसेल, तर तो खोटारडा ठरत नाही. तसंच कंत्राटी कामगार. तो सांगतो मोठ्या कारखान्यात होतो, आणि नोंदीत नाव निघतं ठेकेदाराचं. दोन्ही खरं असतं. त्याला मशीनसमोर उभं करा, ड्रॉइंग द्या, मायक्रोमीटर द्या. दहा मिनिटांत समजतं.

आणखी एक. बाळंतपणानंतर तीन-चार वर्षं घरी राहिलेली बाई बायोडेटात तारखा ओढूनताणून जुळवते. ते चूकच. पण मध्ये खंड दिसला की अर्ज बाजूला टाकायचा, ही चाळणी कुणी लावली? मी अशा वेळी म्हणतो, "मध्ये खंड असेल तर सांगा, त्यावरून मी नाही म्हणणार नाही. लपवलंत तर मात्र म्हणेन." बऱ्याच जणी मोकळेपणानं सांगतात. आणि पदवीच बनावट असेल, तर तिथं गय करायची नाही.

चौथा, चिठ्ठीवाला. कुणा साहेबांची चिठ्ठी घेऊन येतो, खुर्चीत ऐसपैस बसतो. त्याचा अपमान करू नका, तोही बहुधा कुणीतरी पाठवलेला असतो. "चिठ्ठी ठेवून घेतो, परीक्षा मात्र सगळ्यांना तीच," एवढं म्हणायचं. हे म्हणता यावं म्हणून परीक्षा खरोखर तीच हवी. सगळ्यांना तेच प्रश्न, आणि आपसात चर्चा करण्याआधी प्रत्येकानं आपापले गुण लिहून ठेवायचे. मग फोन कुणाचाही आला तरी कागद पुढे करता येतो.

शेवटचा, रोज फोन करणारा. याची सगळ्यांना फार कटकट वाटते. पण त्याला आपण काय सांगितलेलं असतं? ‘कळवतो.’ आपल्या धंद्यात याच्याइतकं खोटं दुसरं काही बोललं जात नसेल. तो माणूस त्या एका शब्दावर दुसरीकडचं काम धरत नाही, गावाला जात नाही. म्हणून तारीख द्या: "शुक्रवारी पाचपर्यंत सांगतो." नकार असला तरी शुक्रवारी सांगा, आणि कारण असं सांगा की त्याला सुधारता येईल. ‘तुम्ही आमच्याकडे बसत नाही’ याचा त्याला काही उपयोग नाही. ‘ड्रॉइंगवरचा टॉलरन्स वाचता आला नाही’ याचा आहे. माझ्याकडे असा नकार घेऊन गेलेला एक जण वर्षभरानं तयारी करून परत आला, आणि लागला.

उद्या ऑफिसला गेलात की एक करा. गेल्या महिन्यात ज्यांना ‘कळवतो’ म्हणून सोडलं, त्यांची यादी काढा आणि एकेकाला फोन लावा. दोन-चार जण चिडतील. ऐकून घ्या. तेवढा त्यांचा हक्क आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.