प्रचक्राचे दंतवलय
प्रचक्राचे दंतवलय : प्रचक्र अथवा फ्लायव्हील याच्या परिघावर घट्ट बसविलेले दातेरी पोलादी कडे. स्टार्टरचे लहान दंतचक्र यात अडकून एंजिनास प्रारंभिक गती देते. बंद होताना एंजिन संपीडनाच्या ठराविक स्थितींतच थांबते. म्हणून चार सिलिंडरांच्या एंजिनात दोन, तर सहा सिलिंडरांच्या एंजिनात तीन ठिकाणचे दाते अधिक झिजतात. झिजलेले कडे दोन दात्यांच्या मध्ये भोक पाडून छिन्नीने फोडतात. नवे कडे सर्वत्र सारखे, सामान्यतः २००° ते २३०° से.पर्यंत तापविले म्हणजे प्रसरण पावते. दात्यांची उतरती कड स्टार्टरचे दंतचक्र शिरते त्या बाजूस ठेवून ते बसवितात व आपोआप निवू देतात. अधिक तापविल्यास दात्यांचे पाणी उतरून ते लवकर झिजतात आणि नांदेड–लातूर मार्गावरील बस वा शेतातील ट्रॅक्टर ढकलूनच सुरू करण्याची वेळ येते.