जुन्या डेस्कटॉप संगणकाचे अद्ययावतीकरण

जुन्या डेस्कटॉप संगणकाचे अद्ययावतीकरण म्हणजे संपूर्ण संगणक न बदलता त्याचे निवडक सुटे भाग बदलून किंवा वाढवून त्याची उपयुक्तता टिकविण्याची प्रक्रिया होय. डेस्कटॉप संगणक ही सुट्या भागांची जुळणी असल्यामुळे हे शक्य होते. मात्र कोणता भाग बदलावा, हे त्या भागाच्या वयावरून ठरत नाही. इतर भागांना ताटकळत ठेवणारा भाग कोणता, यावरून ते ठरते. हा भाग चुकीचा ओळखला गेल्यास पैसे खर्च होतात. पण संगणक होता तसाच संथ राहतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविल्यामुळे हा प्रश्न अनेक घरे, शाळा व छोट्या व्यवसायांपुढे एकाच वेळी उभा राहिला.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात डेस्कटॉप संगणक प्रामुख्याने शिक्षण आणि शासकीय कामकाजाच्या निमित्ताने पोहोचला. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड ही संस्था २००१ साली स्थापन झाली आणि २००२ पासून तिचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. शासकीय नोकरीसाठी संगणक साक्षरतेचा पुरावा म्हणून हे प्रमाणपत्र उपयोगी पडत असल्याने त्याची केंद्रे तालुक्याच्या गावांपर्यंत पसरली. केंद्र शासनाने डिसेंबर २००४ मध्ये सुरू केलेल्या आयसीटी योजनेतून माध्यमिक शाळांमध्ये संगणक कक्ष उभे राहिले. पुढे महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षा यांत्रिक टंकलेखनयंत्राऐवजी संगणकावर होऊ लागल्या आणि टंकलेखन संस्थांतही संगणक आले.

मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. बीड, अंबाजोगाई, परळी वैजनाथ, माजलगाव, गेवराई अशा गावांत प्रशिक्षण केंद्रे, टंकलेखन संस्था, झेरॉक्सची दुकाने आणि आपले सरकार सेवा केंद्रे डेस्कटॉप संगणकावरच चालतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, दाखल्याची मागणी, प्रवेशप्रक्रिया ही कामे ठरावीक मुदतीत पूर्ण करावी लागतात. त्यामुळे अशा ठिकाणी संगणक संथ असण्याचा परिणाम प्रत्यक्ष विद्यार्थ्यावर होतो. नवा संगणक घेण्याइतकी तरतूद नेहमीच नसते. म्हणून उपलब्ध रक्कम योग्य भागावर खर्च होणे महत्त्वाचे ठरते.

प्रमुख भाग

बोलीभाषेत संगणकाच्या संपूर्ण पेटीलाच ‘सीपीयू’ म्हटले जाते. वास्तविक सीपीयू, म्हणजेच प्रोसेसर, हा त्या पेटीतील एक लहान भाग आहे. अद्ययावतीकरणाच्या दृष्टीने पुढील भाग लक्षात घ्यावे लागतात.

प्रोसेसर आज्ञांवर प्रक्रिया करतो. रॅम ही चालू कामापुरती माहिती धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती असून वीज जाताच ती रिकामी होते. हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही कायमस्वरूपी साठवण होय. मदरबोर्डवर हे सर्व भाग जोडलेले असतात. कोणत्या प्रकारचा व किती क्षमतेचा भाग बसेल, याची मर्यादा मदरबोर्डच ठरवितो. एसएमपीएस हा भाग घरगुती वीजपुरवठ्याचे रूपांतर संगणकाला लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत करतो.

हे भाग एकमेकांवर अवलंबून असतात. विहिरीला पाणी कितीही असले तरी मोट लहान असेल, तर पाटाला थोडेच पाणी येते. तसेच प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी साठवणीतून माहिती हळू येत असेल, तर त्याचा बराच वेळ वाट पाहण्यात जातो.

संथपणाचे कारण ओळखणे

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचे काम चालू असताना त्यातील सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तीन रकान्यांची टक्केवारी काही मिनिटे पाहावी.

डिस्कचा वापर सतत १०० टक्क्यांच्या आसपास आणि प्रोसेसरचा वापर अल्प असेल, तर साठवण हा अडथळा असतो. मेमरी जवळजवळ पूर्ण भरलेली असेल, तर रॅम अपुरी आहे असे समजावे. येथे एक बारकावा आहे. रॅम भरल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम काही माहिती डिस्कवर हलविते आणि गरज पडल्यावर परत आणते. त्यामुळे रॅम कमी असली तरी डिस्कच व्यग्र दिसू शकते. म्हणून दोन्ही रकाने एकत्र वाचावे लागतात. डिस्क व मेमरी मोकळ्या असून प्रोसेसर दीर्घकाळ पूर्ण क्षमतेने चालत असेल, तरच दोष प्रोसेसरकडे जातो. एखादा अनावश्यक प्रोग्रॅम किंवा व्हायरस तर हा वापर करीत नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

बदलांचा क्रम

स्वच्छता आणि वीजपुरवठा: कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी पेटीतील धूळ काढावी. प्रोसेसरवरील पंखा व धातूच्या पट्ट्या धुळीने भरल्या की उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग कमी करतो. बीड जिल्ह्यात उन्हाळ्यातील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा दिवसांत दुपारी संथ होणारा आणि सकाळी नीट चालणारा संगणक बहुधा तापत असतो. प्रोसेसर व पंखा यांच्यामधील थर्मल पेस्ट वाळली असल्यास नवी लावावी लागते. संगणक वारंवार आपोआप बंद होत असेल, तर एसएमपीएस तपासून घ्यावा. त्याची पेटी स्वतः उघडू नये. वीज बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो. परळी वैजनाथ येथे औष्णिक विद्युत केंद्र असलेल्या या जिल्ह्यातही ग्रामीण भागात विजेचा दाब कमीजास्त होतो, त्यामुळे चालू स्थितीतील यूपीएस ही चैन ठरत नाही.

मदरबोर्डवरील ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपल्यास दरवेळी तारीख व वेळ चुकते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि ती उघडत नाहीत. हा दोष अनेकदा इंटरनेटचा समजला जातो. प्रत्यक्षात अतिशय स्वस्त बॅटरी बदलून तो दूर होतो.

साठवण: जुन्या संगणकात सर्वाधिक जाणवणारा फरक सहसा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्याने पडतो. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी व तिच्यावर सरकणारे वाचनशीर्ष असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीस सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. विखुरलेला प्रत्येक तुकडा वाचताना शीर्ष सरकण्याचा आणि तबकडी फिरण्याचा वेळ मोजावा लागतो. अशी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण शंभराच्या आसपासच विखुरलेली वाचने करू शकते. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्याने ती हजारो वाचने करते. संगणक सुरू होताना असंख्य लहान संचिका वाचल्या जातात, म्हणून हा फरक सुरुवातीलाच दिसतो. जुन्या मदरबोर्डसाठी साटा प्रकारची एसएसडी घ्यावी; एनव्हीएमई प्रकारासाठी मदरबोर्डवर स्वतंत्र खाच व तीवरून संगणक सुरू करण्याची सोय असावी लागते.

रॅम: कार्यालयीन काम व इंटरनेट यांसाठी ८ जीबी रॅम सामान्यतः पुरेशी ठरते. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या पिढ्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणून जुनी रॅम सोबत नेऊन किंवा तिच्यावरील अक्षरे टिपून घेऊनच खरेदी करावी. ऑपरेटिंग सिस्टिम ३२ बिटची असेल, तर ४ जीबीपेक्षा अधिक रॅमचा उपयोग होत नाही; आधी ६४ बिटची आवृत्ती टाकावी लागते.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड: हा बदल सर्वांत शेवटी विचारात घ्यावा. प्रोसेसर ठरावीक खोबणीतच बसतो आणि ही खोबण काही वर्षांनी बदलते. इंटेलच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर एकाच प्रकारच्या खोबणीत बसतात, परंतु २०१३ साली आलेल्या चौथ्या पिढीसाठी ती बदलली. त्यामुळे खूप नवा प्रोसेसर घ्यायचा तर मदरबोर्ड आणि बहुधा रॅमही नवी घ्यावी लागते. पेटी जुनी आणि आतील सर्व नवे, अशा या खर्चाची तुलना नव्या संगणकाच्या किमतीशीच करावी.

ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्न

विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची क्षमता, टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतील प्रोसेसर आवश्यक आहे. इंटेलच्या बाबतीत ही यादी, काही अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यापूर्वीच्या संगणकात रॅम व एसएसडी वाढवूनही ही अट पूर्ण होत नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. आधार संपलेला संगणक बंद पडत नाही. परंतु नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा त्रुटी दुरुस्त होत नसल्याने बँकव्यवहार व ओळखपत्रांच्या कामासाठी तो धोक्याचा ठरतो.

दुसरा मार्ग लिनक्सचा आहे. उबुंटू, लिनक्स मिंट यांसारख्या प्रणाली मोफत मिळतात. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली असून तिच्यात मराठीची सोय आहे. मात्र हिशेबाचे किंवा टंकलेखन सरावाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालणारे असल्यास हा मार्ग अडचणीचा होतो. श्री-लिपीसारख्या प्रणालींच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर ते फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

माहितीची सुरक्षितता

सुटा भाग दुकानात पुन्हा मिळतो. नष्ट झालेले विद्यार्थ्यांचे अभिलेख, हिशेब किंवा कुटुंबाची छायाचित्रे मिळत नाहीत. त्यामुळे कोणताही बदल करण्यापूर्वी महत्त्वाच्या संचिकांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती प्रत उघडते का, हे दुसऱ्या संगणकावर पाहावे. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा संचिका उघडताना वारंवार त्रुटी येत असतील, तर वेगाचा विचार बाजूला ठेवून प्रथम माहिती वाचवावी. एसएसडी बसविल्यानंतर सुस्थितीतील जुनी हार्ड डिस्क जादा साठवण म्हणून वापरता येते. सदोष डिस्कवर एकमेव प्रत ठेवू नये.

उदाहरण

समजा, एखाद्या शाळेच्या कार्यालयात इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, एच६१ प्रकारचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबी हार्ड डिस्क असलेला संगणक आहे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, मेमरी ९० टक्के आणि प्रोसेसर १५ टक्के दिसतो. येथे प्रोसेसर बदलून लाभ होणार नाही. साटा एसएसडी आणि रॅम ८ जीबीपर्यंत वाढविणे हे दोन बदल पुरेसे ठरतात. या मदरबोर्डची साटा जोडणी जुन्या, कमी वेगाची असल्याने एसएसडी आपल्या पूर्ण वेगाने चालत नाही, तरीही विखुरलेल्या वाचनातील लाभ टिकतो. हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नसल्याने त्यावर लिनक्स टाकणे आणि विंडोज अपरिहार्य असलेल्या कामांसाठी एक नवा संगणक घेणे, अशी कामाची विभागणी करता येते.

अद्ययावतीकरण केव्हा टाळावे

मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगलेले असतील, मदरबोर्ड ६४ बिट प्रणालीला आधार देत नसेल, त्याला लागणारी रॅम केवळ वापरलेल्या स्वरूपात मिळत असेल किंवा एकापाठोपाठ एक भाग निकामी होत असतील, तर खर्च थांबविणे इष्ट असते. अशा वेळी एसएसडी, यूपीएस, मॉनिटर यांसारखे सुस्थितीतील भाग नव्या संगणकासाठी वापरता येतात. म्हणूनच अनिश्चित आयुष्य असलेल्या संगणकात पुढे उपयोगी पडेल असाच भाग घालावा, हा नियम सोयीचा ठरतो. डीडीआर३ रॅम नव्या संगणकात चालत नाही. साटा एसएसडी मात्र बहुतेक डेस्कटॉपमध्ये चालते.

भारतात ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. निकामी भाग नोंदणीकृत पुनर्चक्रण व्यवस्थेकडे सोपवावेत. हार्ड डिस्क देण्यापूर्वी तिच्यावरील माहिती कायमची पुसावी. संचिका केवळ डिलीट केल्याने ती पुसली जात नाही आणि योग्य साधनांनी परत मिळविता येते.