काटा चालू, दर नवा

लाखांदूरच्या परिसरात दिवाळीनंतर बांध्यांतील धान खळ्यावर येते, मळणी आटोपते आणि खरेदी केंद्रापुढे पोत्यांच्या थप्प्या लागतात, तेव्हा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचे मोल दोन आकड्यांवर येऊन ठेपते: एक आधारभूत दर आणि दुसरा ओलाव्याची मर्यादा. साधारण धानाचा हा दर २०२३-२४ च्या हंगामात क्विंटलमागे २,१८३ रुपये होता, तो पुढच्या हंगामात २,३०० झाला. ओलाव्याची मर्यादा १७ टक्के.

अशा केंद्राची पावती बनवणारे वेब ॲप कोणी रचायला घेतले, तर हे आकडे तो प्रोग्रामच्या पोटात पुरून ठेवणार नाही. एका लहानशा वेगळ्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये लिहील. परंतु बहुतेक सर्व्हर ही फाईल सुरू होतानाच एकदा वाचतात आणि पुढे स्मरणातल्या प्रतीवरच कारभार चालवतात, म्हणून फाईलमध्ये केलेला फेरफार कचेरीत येऊन पडलेल्या पण न उघडलेल्या लखोट्यासारखा निष्फळ राहतो. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणे हा सरळ उपाय खरा. पण रचनेच्या काळात दिवसातून वीसदा आकडा बदलणाऱ्याला दर वेळी डेटाबेसची जोडणी, लॉगिन आणि अर्धी भरलेली पावती नव्याने उभी करावी लागते, आणि त्यात विचाराचा धागा तुटतो तो निराळाच.

युनिक्समध्ये यावर फार जुना तोडगा आहे. टेलिफोनच्या तारेने जोडलेल्या टर्मिनलची तार तुटली की त्यावरील प्रोग्रामला ‘हँगअप’ नावाचा पहिल्या क्रमांकाचा संकेत जाई. पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रामांना टर्मिनलच नसल्यामुळे त्यांच्यापुरता हा संकेत मोकळा राहिला, आणि ‘फाईल पुन्हा वाच’ असा त्याचा अर्थ शिरस्त्याने रूढ झाला. इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचे वर्तन या बाबतीत मला आदर्श वाटते: हा संकेत मिळताच मुख्य प्रोसेस नवी फाईल तपासते, दोष आढळला तर तो नोंदवून जुन्याच फाईलचा अंमल चालू ठेवते, फाईल निर्दोष असली तर नवे कामकरी प्रोसेस नेमते, आणि जुन्यांना नवी विनंती न देता हातातले काम संपवून निवृत्त होऊ देते.

संकेत देण्याचे कष्टही वाचावेत म्हणून फाईलवर पहारा ठेवता येतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये २००५ पासून त्यासाठी आयनोटिफाय आहे. मात्र पुष्कळ एडिटर जुन्या फाईलवर लिहीत नाहीत. ते नवी फाईल लिहून तिला जुनीचे नाव देतात, आणि पहारेकरी टाकून दिलेल्या फाईलपाशीच बसून राहतो. म्हणून पहारा फोल्डरवर ठेवावा. अर्धवट लिहिलेली फाईल वाचली जाण्याचे भयही असतेच. यास्तव नवे आकडे आधी निराळ्या जागी पूर्ण वाचावे, पडताळावे आणि मगच एका झटक्यात जुन्यांच्या जागी बसवावे. प्रत्येक विनंतीने आरंभी घेतलेली प्रत शेवटपर्यंत वापरावी, एरवी एकाच पावतीत दर नवा आणि मर्यादा जुनी असा अन्याय घडेल. पोर्टसारख्या काही गोष्टींना बहुतेक ॲपमध्ये पुनरारंभच लागतो, त्यांचा हट्ट धरू नये.

परीक्षा अशी घ्यावी: एक पावती मुद्दाम दहा सेकंद रेंगाळत ठेवावी, तेवढ्यात फाईलमध्ये २,१८३ च्या जागी २,३०० लिहून ती सेव्ह करावी, आणि लगेच दुसऱ्या खिडकीतून दुसरी पावती मागावी. दुसरी आधी येईल, २,३०० ची. पहिली मागाहून, २,१८३ ची.