पाखरांसाठी झाडं लावताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ढाणकीहून बिटरगावकडे निघालं की पैनगंगा अभयारण्याचं सागवानी जंगल जवळ येतं. जंगलातली पाखरं, फुलपाखरं गावातही यायला तयार असतात. त्यांना इथं खायला आणि राहायला काही मिळालं पाहिजे. काही गैरसमज त्याआड येतात.

गैरसमज : झाड कुठलंही लावा, पाखरांना सगळी सारखीच.
वस्तुस्थिती : गुलमोहर मूळचा मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. इथले बहुतेक किडे त्यांच्या पानांवर जगू शकत नाहीत आणि किडे नसले की कीटकभक्षी पाखरंही फारशी रेंगाळत नाहीत. उलट फेब्रुवारी-मार्चमध्ये, रान उघडंबोडकं असताना, पळस फुलतो आणि शिंजीर, साळुंक्या, बुलबुल त्याच्या मधावर तुटून पडतात. वड, पिंपळ, उंबर ही तर हरियालाची खाणावळच. आपला हा राज्यपक्षी जमिनीवर क्वचितच उतरतो; त्याचं पोट फळझाडांवरच भरतं.

गैरसमज : पानं कुरतडलेली दिसली की फवारा मारावा.
वस्तुस्थिती : दारातला कढीपत्ता नीट पाहा. पानावर पाखराची शिट पडल्यासारखा ठिपका दिसतो. जवळून पाहिलं तर ती इवलीशी अळी असते. मोठी होताना ती हिरवीगार होते आणि पुढे तिचं फुलपाखरू होतं. झाड पुन्हा फुटतं. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्या-किडेच भरवते. अळी मारली की पिल्लाच्या तोंडचा घास जातो. शिवाय विष माणसालाही सोडत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक जणांचे जीव गेले, हे विसरून चालणार नाही.

गैरसमज : माश्या आल्या की डंख ठरलेला.
वस्तुस्थिती : आग्या मोहोळापासून लांबच राहावं. पण मधमाश्यांच्या कुळातल्या बहुसंख्य जाती पोळं करत नाहीत. एकेकटी मादी मातीत किंवा पोकळ काडीत घर करते आणि दाबल्याशिवाय सहसा डसत नाही. तुरीच्या फुलांवर घोंघावणारा काळा भुंगा वाळक्या लाकडात बीळ कोरतो. म्हणून धुऱ्यावरचं एखादं वाळकं खोड राहू द्यावं.

गैरसमज : फळ आपोआप धरतं.
वस्तुस्थिती : कोहळ्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. पराग जड आणि चिकट असल्यामुळे वाऱ्यानं उडत नाही. फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्यात माशी आली नाही, तर फुलाखालचं इवलं कोहळं पिवळं पडून गळतं. म्हणून फवारणी टाळता येत नसेल, तर निदान सकाळी, फुलं उघडी असताना तरी करू नये.

गैरसमज : झाडी वाढली की साप येतात.
वस्तुस्थिती : साप येतो तो उंदीर, बेडकांमागे आणि लपायला जागा शोधत. घराला लागून विटा, लाकडं, कचऱ्याचे ढीग ठेवू नका, सांडलेलं धान्य उचला. फुलझाडं तोडून काही साधत नाही.

गैरसमज : जागा हवी, पैसा हवा.
वस्तुस्थिती : तुळस आणि सब्जा कुंडीतही फुलतात आणि माश्यांना पुरतात. अंगण असेल तर कढीपत्ता, लिंबू लावा. धुऱ्यावर पळस, बोर, बाभूळ आपोआप उगवतात. ती जाळू नका, तणनाशकानं मारू नका. वड-उंबर भिंतीपासून दूर, शाळेच्या किंवा नगरपंचायतीच्या मोकळ्या जागेत शोभतात. पहिला चांगला पाऊस झाला की रोप लावा आणि पहिले दोन उन्हाळे पाणी घाला. यवतमाळच्या उन्हात रोपं जातात ती बहुधा याच काळात.