घोट्याची पट्टी आणि पायाचा तोल

मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा मिळवली. आपल्या गटांतल्या काही जणींच्या लेकीही आता तालमीत जातात. मग घरी प्रश्न येतो : घोटा मुरगळलाय, पट्टी बांधून खेळू द्यावं का?

घोट्याची हाडं एकमेकांना धरून ठेवणारे चिवट दोर असतात, त्यांना लिगामेंट म्हणतात. पाय किती कलला, ही खबर मेंदूला तेही देतात. मुरगळल्यावर ते ताणतात, खबर उशिरा पोचते. म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो.

चिकटपट्टी पाय जास्त कलू देत नाही. आधी दुखावलेल्या घोट्याला हा आधार खरा आहे. पण तिने तोल सुधारतो का? तपासण्यांत कुठे थोडा फरक दिसला, कुठे काहीच नाही. शिवाय घामाने, हालचालीने अर्ध्या तासात ती सैल पडू लागते.

तोल येतो सरावाने. सूज-दुखणं गेल्यावर भिंतीजवळ एका पायावर अर्धा मिनिट उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून. रोज, दीड-दोन महिने. मी करून पाहिलं, डोळे मिटताच भिंत धरली!

ताज्या सुजेवर चोळणं, शेकणं नको. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटं धरा. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. तोवर वस्ताद म्हणाले तरी पट्टी बांधून पोरीला मॅटवर उतरवू नका. आणि पट्टीने बोटं बधिर झाली, तर ती लगेच सोडा.