बाजदारीतील हिवाळी ससेशिकार

प्रशिक्षित शिकारी पक्ष्याच्या साहाय्याने वन्य भक्ष्याची त्याच्या नैसर्गिक अधिवासात केलेली शिकार म्हणजे बाजदारी होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नवशिक्या बाजदाराचा पहिला हंगाम बहुधा हिवाळ्यात कॉटनटेल सशांच्या शिकारीने सुरू होतो. पक्षी प्रत्येक उड्डाणात पूर्णतः मोकळा असतो व परत न येण्याची मुभा त्याला कायम असते. त्यामुळे पक्ष्याची भूक, वजन आणि विश्वास यांचा मेळ राखणे हे नवशिक्याच्या शिक्षणाचे मर्म मानले जाते.

परवाना व मार्गदर्शक

अमेरिकेत शिकारी पक्ष्यांना १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याखाली १९७२ पासून संरक्षण आहे. त्यामुळे परवान्याशिवाय असा पक्षी बाळगता येत नाही. परवान्याच्या शिकाऊ, सामान्य व निष्णात अशा तीन श्रेणी आहेत. संघीय नियमांनुसार शिकाऊ उमेदवाराचे वय किमान १२ वर्षे असावे लागते. त्याला लेखी परीक्षेत किमान ८० टक्के गुण मिळवावे लागतात आणि पक्षीगृह व साधने यांची तपासणी करून घ्यावी लागते. शिकाऊ काळ किमान दोन वर्षांचा असून त्या काळात एकच पक्षी बाळगता येतो. या सर्व काळात अनुभवी बाजदाराने मार्गदर्शक म्हणून जबाबदारी घेणे बंधनकारक असते. राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात.

पक्षी व भक्ष्य

नवशिक्यासाठी लालशेपटी बाज (रेड-टेल्ड हॉक) हा पक्षी सर्वाधिक प्रचलित आहे. त्याचे वजन साधारणतः ७०० ग्रॅम ते दीड किलोग्रॅम असते व मादी नराहून मोठी असते. शरद ऋतूत त्याच वर्षी जन्मलेला, स्वतः शिकार करू लागलेला पक्षी पकडला जातो. अशा पक्ष्याची शेपटी अद्याप तपकिरी व पट्टेदार असते; तांबडा रंग पुढच्या पिसारा-बदलानंतर येतो. प्रजननक्षम प्रौढ पक्षी पकडण्यास मनाई आहे. पकडण्यासाठी 'बाल-छत्री' नावाचा सापळा वापरतात. तो मूळचा भारतीय आहे. तारेच्या जाळीच्या लहान पिंजऱ्यात जिवंत उंदीर ठेवून वर बारीक फास बसवलेले असतात. उंदरावर झेपावणाऱ्या पक्ष्याची बोटे त्यांत अडकतात.

कॉटनटेल ससा एक ते दीड किलोग्रॅम वजनाचा, म्हणजे जवळजवळ बाजाइतकाच असतो. तो स्वतः बीळ खोदत नाही. झुडपांत, लाकडांच्या ढिगाखाली किंवा इतर प्राण्यांच्या बिळांत आश्रय घेतो. धावताना तो नागमोडी वळणे घेत जवळच्या आडोशाकडे जातो. त्यामुळे पाठलाग अनेकदा काही क्षणांतच संपतो आणि बहुतेक झेपा वाया जातात.

हिवाळ्याचे महत्त्व

हिवाळ्यात पाने व गवत झडल्याने ससा पक्ष्याला दिसतो आणि उंच फांदीवरून झेप घेणे सोपे जाते. शरदात पकडलेला पक्षी काही आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर याच सुमारास शिकारीस तयार होतो. उन्हाळ्यात पिसारा बदलत असताना पक्ष्याला सहसा शिकारीसाठी उडवत नाहीत.

वजनाचे नियोजन

बाज कुत्र्याप्रमाणे मालकाला खूश करण्यासाठी काम करत नाही. तो अन्नासाठी परत येतो. म्हणून पक्ष्याचे दररोज ठरावीक वेळी ग्रॅमच्या काट्यावर वजन केले जाते. वजन अधिक असल्यास पक्षी झाडावर बसून राहतो किंवा निघून जातो. वजन फार कमी झाल्यास त्याचे स्नायू झडतात व तो दगावू शकतो. कडाक्याच्या थंडीत शरीर उबदार ठेवण्यासाठी जास्त अन्न लागते. काल योग्य ठरलेला आहार आज अपुरा पडू शकतो. म्हणून आकड्याबरोबरच छातीच्या हाडालगतचे मांस हाताने चाचपून पाहण्यास नवशिक्याला शिकवले जाते. बंदुकीने मारलेल्या प्राण्याचे मांस पक्ष्याला देत नाहीत, कारण शिशाच्या सूक्ष्म कणांमुळेही त्याला विषबाधा होऊ शकते.

शिकारीची पद्धत

मैदानात पक्ष्याच्या पायांत चामड्याच्या पट्ट्या, घुंगरू व बहुधा रेडिओ प्रेषक असतो. हातमोज्यावरून सोडलेला पक्षी झाडांवरून बाजदाराच्या मागोमाग येतो. नवशिक्या काठीने झुडपे हलवून ससा बाहेर काढतो. म्हणजे या शिकारीत माणसाची भूमिका हाकाऱ्याची असते. माणूस चालू लागला की भक्ष्य निघते, हे पक्ष्याच्या लक्षात येते आणि दोघांचे सहकार्य जुळते.

पक्ष्याने ससा धरल्यावर बाजदाराने त्वरित पोहोचणे आवश्यक असते. सशाच्या मागच्या पायांच्या लाथांनी पक्षी जखमी होऊ शकतो. शिवाय सशाच्या यातना लांबू न देणे हे बाजदाराचे कर्तव्य समजले जाते. त्यानंतर भक्ष्य हिसकावून घेत नाहीत. हातमोज्यावर मांसाचा तुकडा दाखवून पक्ष्याला तिकडे वळवतात व ससा अलगद झाकून बाजूला घेतात. माणूस अन्न पळवतो असा समज झाल्यास पक्षी पुढे भक्ष्यावर पंख पसरून बसतो किंवा ते घेऊन उडून जाऊ पाहतो.

हंगामानंतर

निसर्गात लालशेपटी बाजाची बरीच पिल्ले पहिल्या वर्षातच उपासमार, अपघात व रोगांमुळे मरतात. अनेक बाजदार हंगाम संपल्यावर पक्ष्याचे वजन वाढवून त्याला त्याच्या मूळ प्रदेशात मुक्त करतात. पहिला हिवाळा पार केलेला, शिकारीत तरबेज पक्षी अशा रीतीने निसर्गात परततो.

भारतीय संदर्भ

संस्कृतात श्येन पक्ष्याला 'शशादन' म्हणजे ससे खाणारा असेही नाव आहे. कुमाऊँच्या रुद्रदेवाचा 'श्यैनिकशास्त्र' हा या विषयावरील स्वतंत्र संस्कृत ग्रंथ असून हरप्रसाद शास्त्री यांनी तो १९१० मध्ये संपादित केला. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ससाणे व अन्य शिकारी पक्षी पकडणे किंवा त्यांच्या साहाय्याने शिकार करणे बेकायदेशीर आहे. युनेस्कोने २०१० मध्ये बाजदारीचा समावेश मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केला.