गणिताच्या गोळ्या

सात वर्षांच्या एमाला मेंदूज्वराने गाठले आणि तिचे पुढचे सारे आयुष्य परावलंबी झाले. वडील जॉर्ज ब्रॅडली हे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचे धनाढ्य गृहस्थ. पैशाला तोटा नव्हता, पण अशा मुलांवर उपचार करणारे रुग्णालयच देशात नव्हते. आपल्यामागे आपली संपत्ती त्याच कामी यावी, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले. १९३१ साली ईस्ट प्रॉव्हिडन्समध्ये एमाच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले आणि पुढे त्याच घराण्यातले डॉ. चार्ल्स ब्रॅडली त्याचे प्रमुख झाले.

त्यांच्याकडे येणारी अनेक मुले बुद्धीने चांगली. पण एका जागी बसवत नसे, क्षणात भडकत, हाती घेतलेले काम तडीस जात नसे. घरच्यांनी आणि शाळांनी हात टेकलेले. या वागण्यामागे मेंदूची काही इजा असेल का, हे पाहायला त्या काळी एक जीवघेणी तपासणी होती. कण्यात सुई खुपसून मेंदूभोवतीचे पाणी काढून घ्यायचे, त्या जागी हवा सोडायची आणि मग क्ष-किरणांनी छायाचित्र टिपायचे. त्यानंतर मुलांची डोकी अशी काही ठणकत की ती दिवसचे दिवस विव्हळत पडत.

हा ठणका ब्रॅडली यांना स्वस्थ बसू देईना. काढलेले पाणी शरीराने लवकर भरून काढले, तर मुलांची सुटका लवकर होईल, असा त्यांनी तर्क लढवला. त्यासाठी त्यांनी निवडले बेन्झेड्रिन, म्हणजे ॲम्फेटामिन हे नवे उत्तेजक औषध. गोळ्या दिल्या गेल्या. डोकेदुखी तसूभरही हटली नाही. तर्क सपशेल फसला.

गोळी बाटलीत परत जायची आणि गोष्ट तिथेच संपायची. पण रुग्णालयातल्या शाळेच्या शिक्षकांना काही वेगळेच दिसू लागले होते. धड्यापासून पळणारी मुले गोळी घेतली की वही पुढे ओढत होती, गणिते सोडवत होती, मन लावून बसत होती. मुलांनाही ते जाणवले. त्यांनीच त्या औषधाला नाव दिले, गणिताच्या गोळ्या! शिक्षकांचे निरीक्षण डॉक्टरने ऐकून घेतले, स्वतःचा फसलेला तर्क बाजूला सारून ऐकून घेतले, यातच मला ब्रॅडली यांचे मोठेपण दिसते.

त्यांनी ५ ते १४ वयाची ३० मुले निवडली. एक आठवडा नुसते निरीक्षण, दुसऱ्या आठवड्यात रोज सकाळी गोळी, तिसऱ्या आठवड्यात गोळी बंद. परिचारिका आणि शिक्षक दिवसभर नोंदी करत. निकालाने ब्रॅडली स्तिमित झाले. १४ मुलांच्या अभ्यासात डोळ्यांत भरणारी सुधारणा झाली होती. पहिल्याच दिवशी फरक उमटे आणि गोळी बंद केल्याच्या पहिल्याच दिवशी तो पुसला जाई. मेंदूला चेतवणाऱ्या औषधाने अर्धी मुले चेकाळण्याऐवजी निवावीत, हे कोडे उलगडत नव्हते. सगळ्यांना गुण आला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. नोव्हेंबर १९३७ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला आणि जवळजवळ पाव शतक त्याकडे फारसे कुणी फिरकले नाही. मुलाच्या वागण्याचे मूळ घरातल्या ताणतणावात शोधण्याचा तो काळ होता. गोळीवर विश्वास ठेवायला मानसोपचार तयार नव्हता.

दरम्यान १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंड्रो पानिझ्झोन यांनी मिथाइलफेनिडेट घडवले. पत्नी मार्गरीट ते घेऊन टेनिस खेळे. तिच्या लाडक्या नावावरून औषध झाले रिटालिन. १९६३ मध्ये कीथ कॉनर्स आणि लिऑन आयझेनबर्ग यांनी काही मुलांना औषध, तर काहींना त्यासारखीच दिसणारी निव्वळ कोरी गोळी देऊन ते पारखले, आणि ब्रॅडली यांचे निरीक्षण पुन्हा उजेडात आले.

दोनच वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दुसरा अपघात घडला. ॲलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी अंगावर पित्त उठणाऱ्या एका स्त्रीच्या आहारातून कृत्रिम रंग, स्वाद आणि काही फळे काढून टाकली. पित्त बसले. पाठोपाठ तिच्या मानसोपचारतज्ज्ञाचा फोन आला: हिचा भांडखोरपणा कुठे गेला? फाइनगोल्ड यांनी तोच आहार चंचल मुलांवर आजमावला आणि १९७५ च्या त्यांच्या पुस्तकाने हजारो आयांच्या मनात आशा पेटवली. काटेकोर चाचण्यांत मात्र ती आशा बहुतेक मुलांच्या बाबतीत टिकली नाही. आहाराला औषधाच्या पंक्तीला बसवता येत नाही, हे स्पष्टच सांगायला हवे.

तरी धागा तुटला नाही. १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी ब्रॅडली यांचे कोडे सोडवायला घेतले. निरोगी मुलांनाही ॲम्फेटामिनच्याच जातीचे औषध दिले, आणि तीही शांत आणि एकाग्र झाली! म्हणजे उलटे असे काही नव्हतेच. औषध सगळ्यांच्याच मेंदूवर तसेच चालत होते. आहाराच्या बाबतीतही २००७ साली साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी दाखवले की काही खाद्यरंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने सर्वसाधारण मुलांचीही चंचलता किंचित वाढते. परिणाम लहान होता; पण २०१० पासून युरोपात त्या सहा रंगांच्या खाऊच्या वेष्टनावर तसा इशारा छापणे बंधनकारक झाले.